डाव्या पायाची येझदी

माणसानं रागात बोलावं, पण लिहू नये. मी लिहून बसलो. सत्त्याण्णव सालच्या जुलैत, निळ्या शाईत, माझ्या स्वतःच्या वळणदार अक्षरात. कचेरी कोणती ते सांगत नाही. पेन्शन चालू आहे, आणि ती चालूच राहावी अशी माझ्यापेक्षा आमच्या प्रेमलताची, म्हणजे घरच्या सरकारची, जास्त इच्छा आहे. एवढं पुरे की कचेरी बालाघाटातली, मी तिथला बडे बाबू, आणि गावोगावच्या नोटिसा कोणी घेऊन जायच्या ती यादी माझ्या हातची.

शालिकराम हरडे आमच्या रेकॉर्ड रूमचा शिपाई. लालबर्र्याच्या पुढच्या एका खेड्यातला, कुणब्याच्या घरचा. दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला आणि उजवा पाय वाळला. चालताना उजवा हात मांडीवर दाबायचा आणि तो पाय पुढं ढकलायचा. त्यामुळं त्याची प्रत्येक पँट आधी उजव्या मांडीवर विरायची, मग बाकीची. माणूस मात्र हुशार. चौपन्न सालचा बस्ता, म्हणजे कागदांचं गाठोडं, मागा, डोळे मिटून काढून देणार. आणि तोंडाचा फटकळ. मी त्याला शालिक म्हणायचो, तो मला बडे बाबू म्हणायचा, आणि आमचं रोज एकदा तरी वाजायचं.

दर जुलैत कामाची यादी बदलायची आणि दर जुलैत शालिकचा अर्ज यायचा: मला नोटिसा वाटायच्या कामावर पाठवा. पाच वर्षं मी गोड बोलून तो अर्ज फाइलला लावला. अरे बाबा, खेडोपाडी रस्ते नाहीत, नाले आहेत, कुत्री आहेत, तू इथं सावलीत बस ना सुखानं. मला वाटायचं, मी केवढा दयाळू माणूस.

त्या जुलैत रेकॉर्ड रूमचं छप्पर गळून राहिलं होतं, वरून साहेबांनी माझी हजेरी घेतली होती, आणि नेमका हा अर्ज घेऊन समोर उभा. मी म्हटलं, यंदा काय नवीन आहे? तर म्हणाला, काही नाही, तेच आहे. मग टेबलाला टेकून हळूच बोलला.

"बडे बाबू, अठ्ठावीस वर्साचा झालो. आजवर मी कोठी गेलोच नाही. मले नेलं. शाळेत भावानं नेलं, दवाखान्यात बापानं नेलं, लोकायच्या लग्नाले पाव्हन्यायनं नेलं. एक डाव मले सोताहून जाऊ द्या."

आता याच्यावर शहाण्या माणसानं गप्प बसावं. पण मी तापलेला. म्हटलं, जाशील कशावर, हवेत? तो म्हणाला, गाडीवर. आजूबाजूचे बाबू फिसकन हसले. त्यांच्या हसण्यानं मला आणखी चेव आला. मी पेन उघडलं आणि त्याच्या अर्जाच्या समासात लिहिलं की अर्जदार स्वतः दुचाकी वाहन चालवत कार्यालयात हजर झाल्यास विचार केला जाईल. खाली सही, तारीख. मनात म्हटलं, घे, संपली कटकट.

कसली संपते! त्यानं ते दोनदा वाचलं, आवक बाबूकडं नेलं, अर्जावर नंबर चढवून घेतला, शिक्का मारून घेतला आणि नक्कल खिशात टाकली. उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढ्यावर निभलं असतं. पण माझ्या जिभेचा आता सरकारी कागद झाला होता.

आता कोणती गाडी घ्यायची, हा खरा घोळ. कोणी म्हणालं, मागं दोन जास्तीची चाकं लावलेली स्कूटर घे, सवलतीत मिळते. शालिक म्हणाला, बडे बाबूंनी दुचाकी लिहिली आहे, चारचाकी नाही. पायडल मारून सुरू करायची मोपेड? त्याला दोन पाय लागतात. बटणावर सुरू होणारी नवी स्कूटर? काही लोक मला आजही शहाणपणानं विचारतात की ती काहून नाही घेतली. अरे, घेतली असती की, पैसे तुम्ही देत होते का? आणि तिची इवलीशी चाकं, आमच्या नाल्यातल्या रेतीत घातली की बसलीच म्हणून समजा. राहिल्या मोटारसायकली. पण बाजारात ज्या दिसून राहिल्या होत्या, त्या जवळजवळ सगळ्यांची किक उजवीकडे. म्हणजे जिथं शालिकचा पाय नव्हता तिथं.

महिनाभर तो तोंड पाडून हिंडला. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. खरं सांगतो, थोडं हायसंच वाटलं.

आमच्या कचेरीच्या आवारात, कडुलिंबाखाली, जप्तीच्या गाड्या पडलेल्या असायच्या. खटला चालतो, गाडी सडते, असा तो हिशेब. त्यात एक जुनी येझदी होती, चार पावसाळे खाल्लेली, चाकांच्या तारांतून गवत वर आलेलं. एका दुपारी बघतो तर शालिकराम त्या येझदीवर बसून, मांडीवर डबा ठेवून, भात आणि लाखोळीची डाळ खाऊन राहिला. मी खिडकीतून ओरडलो, जप्तीचा माल आहे तो, तुझ्या बापाची खुर्ची नाही! तो उतरला नाही. डबा बंद केला, डावा पाय खाली नेला, गिअरचा दांडा आत दाबून मागं वळवला, आणि तोच दांडा झाला किक. मग मांडीवर हात दाबत, धापा टाकत तो थेट माझ्या खिडकीपाशी आला.

"बडे बाबू, याची किक डाव्या अंगाले हाय."

म्हटलं, मग? माझ्या डोक्यात काही शिरलंच नव्हतं.

"माहा पायबी डाव्या अंगालेच हाय."

मी खिडकी ओढून घेतली.

त्या दिवसापासून रोज दुपारी जेवण झालं की तो त्या येझदीवर. टाकीत पेट्रोल नाही, टायरात हवा नाही, प्लगला ठिणगी नाही, आणि हा नुसता किक मारत बसायचा. मी नोटीस काढायच्या धमक्या दिल्या, तरी उपयोग नाही. एकदा मी जवळ जाऊन बघितलं. तो डोळे मिटून बसला होता. मला म्हणाला, आधी दांडा हलकेच दाबायचा. आत कुठंतरी अडतं. अडलं की केसभर पुढं सरकवायचं, दांडा परत वर आणायचा, आणि मग पूर्ण अंगाचं वजन टाकायचं, मधे थांबायचं नाही. थांबलं की ती उलटी लाथ मारते. मी म्हटलं, हे तुला कोणी शिकवलं? तर म्हणे, हिनंच. चार महिने हा क्लास चालला. त्याची डावी पोटरी मुळातच मुसळासारखी होती. सव्वीस वर्षं दोन पायांचं काम एकटीनं केलं होतं तिनं.

डिसेंबरात बातमी आली की लालबर्र्याला भैयालाल शेठच्या राइस मिलमध्ये एकोणऐंशी सालची येझदी पडली आहे. शालिक म्हणाला, बडे बाबू, सौद्याला मोठा माणूस लागतो, तुम्ही चला. मी नाही म्हणणार होतो. पण त्याच्या खिशात माझा कागद होता, आणि मनाच्या एका कोपऱ्यात मला बघायचंही होतं. रविवारी सकाळी निघालो. तो, मी, आणि बसस्टँडजवळचा टिकाराम मिस्त्री, ज्याचा दावा होता की त्याच्या हातून मुडदासुद्धा स्टार्ट होतो.

धानाचा मोसम. मिल धडधडत होती आणि सगळीकडं भुशाची धूळ. भैयालाल शेठ मूळचे तुमसरकडचे, मराठी बोलणारे, पोटानं प्रशस्त आणि मनानं चांगले. गाडी त्यांच्या काकांची. काका होते तोवर ती गोंदियापर्यंत धावली. काका गेले, आणि तेव्हापासून कोणाला सुरूच होईना. दसऱ्याला तिला धुवायचं, हार घालायचा, नारळ फोडायचा आणि पुन्हा पोत्यांमागं ढकलून द्यायचं. दोन हमालांचे पाय तिनं सुजवले होते. मिलमध्ये तिचं नावच पडलं होतं, लाथाडी.

टिकारामनं दोन तास घेतले. प्लग घासला, पॉइंट साफ केले, कार्ब्युरेटर धुतला, टायरात हवा भरली, पेट्रोलमध्ये मोजून ऑइल मिसळलं. मग गाडीच्या डाव्या अंगाला उभा राहिला आणि उजव्या पायानं किक मारली. हो, उजव्याच. आमच्याकडं किक म्हणजे उजवा पाय, हे पोराला जेवताना उजवा हात शिकवावा तसं पक्कं बसलेलं. गाडीवर बसून डाव्या पायानं मारायची, हे कोणाच्या मनालाही शिवत नाही. बाजूला उभं राहायचं, कंबर वाकडी करायची आणि उजवा पाय घालायचा. त्यात ना वजन पडत, ना दांडा पूर्ण खाली जात. गाडी काय करणार? लाथ घालते. गाडीत दोष नव्हताच, दोष मारणाऱ्यात होता. पण हे शहाणपण आजचं. त्या दिवशी टिकारामनं पंचवीस किका मारल्या आणि घोटा धरून खाली बसला. मग एका हमालानं मारल्या. मग मिलभर लोक जमले आणि मला काय हौस आली देव जाणे, धोतरवाल्यानं जत्रेत कुस्ती खेळावी तसा मीही उभा राहिलो. नडगीवर असा दणका बसला की आठ दिवस प्रेमलतानं हळद लावली, आणि हळदीपेक्षा जास्त तोंड लावलं.

शालिक कोपऱ्यात पोत्यावर बसून हे सगळं पाहत होता.

भैयालाल शेठनं कपाळाचा घाम पुसला आणि मला विचारलं, घेणारा कोण, तुम्ही? मी शालिककडं बोट दाखवलं. शेठनं त्याचा पाय पाहिला. मग माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी कोणाचा तरी गळा कापायला निघालोय. हात जोडून म्हणाले, बाबूजी, हिचे सहा हजार सोडणं मला जड नाही. धडधाकट माणसाला ही गाडी लोळवते, ती या पोराला देऊन मी पाप घेऊ? भंगारात घालीन, पण याला देणार नाही.

बघा आता. शेठ वाईट माणूस असता तर मी भांडलो असतो. पण ते तेच बोलत होते जे मी पाच वर्षं बोलत आलो होतो, तसंच गोड, तसंच दयाळू. पहिल्यांदाच ते मला बाहेरून ऐकू आलं, आणि माझी मलाच लाज वाटली. मी शेठना म्हटलं, द्यायची नसेल तर देऊ नका, पण याला एकदा बसू द्या.

शालिक उठला. गाडीपाशी गेला. हँडल धरलं, उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून पलीकडं टाकला आणि फुटरेस्टवर नीट ठेवला, जसं लहान लेकराला पाटावर बसवतात. मिलवाले हसले नाहीत, ते मात्र सांगायला हवं. त्यानं दांडा आत दाबून मागं वळवला. डोळे मिटले. हलकेच दाबलं. अडलं. केसभर पुढं सरकवलं. दांडा वर आणला.

आणि मग तो उभा राहिला. एका पायावर, त्या दांड्यावर, पूर्ण. आणि बसला.

पहिल्याच किकेला! भुशाची धूळ फाटून निळा धूर उसळला, पत्र्याच्या शेडमध्ये तो डुग-डुग-डुग आवाज असा घुमला की मिलची धडधड मागं पडली. वरची कबुतरं उडाली. टिकाराम घोटा विसरून उठला. काकांच्या वेळचा एक म्हातारा हमाल होता, तो तर गाडीला हात जोडूनच उभा राहिला. शालिकनं रेस दिली नाही, काही नाही. टाकीवर दोन्ही तळवे ठेवून नुसता बसून राहिला. त्याचं पूर्ण अंग गाडीबरोबर थरथरत होतं आणि चेहरा असा, की मी दुसरीकडं बघायला लागलो. माझ्या डोळ्यांत भुसा गेला होता असं म्हणायची सोय होती, पण भुसा गेला नव्हता.

आता गोष्ट इथंच सुफळ व्हावी की नाही? पण माणूस बापा माणूस. भैयालाल शेठचा चेहरा बदलला. हा आवाज त्यांनी तरुणपणी काकांच्या मागं बसून ऐकलेला. ते पुढं आले, चावी फिरवून गाडी बंद केली आणि म्हणाले, चालू आहे तर मग विकायची कशाला? घरचीच गाडी आहे, मीच चालवीन.

मी खवळलो. तोंड उघडणार, तोच शालिकनं मला हातानं थांबवलं. गाडीवरून उतरला, बाजूला झाला आणि शेठना नुसतं म्हणाला, "मारा मंग."

शेठ डाव्या अंगाला उभे राहिले. धोतर खोचलं. आणि उजवा पाय घातला.

दहा मारल्या. अकराव्या किकेला लाथाडीनं आपलं नाव राखलं, आणि शेठ मागच्या भुशाच्या ढिगात बसले ते निम्मे आत गेले. मिलवाल्यांनी हसू दाबलं, कारण पगार तिथूनच मिळतो. मी दाबलं नाही. मला तिथून पगार नव्हता.

भुशातून बाहेर आल्यावर शेठनं धोतर झटकलं. मग माणसाला शोभेल असं वागले, त्याबद्दल मी त्यांना मानतो. म्हणाले, काकाही बसूनच मारायचे, आता आठवलं. मग चावी शालिकच्या हातात ठेवली, भाव एक रुपयानंही वाढवला नाही, आणि म्हणाले, "घेऊन जा. इले तुह्याशिवाय कोनी वागवनार नाही."

परत येताना चालवायला टिकाराम बसला, कारण शालिकला अजून येत नव्हतं. शालिक मागं. मी बसनं आलो, पण टिकारामनं जे नंतर सांगितलं ते असं, की वाटेत गाडी पाच वेळा बंद पडली आणि पाचही वेळा मिस्त्रीसाहेबांना खाली उतरून, शालिकला पुढं बसवून, भाऊ मार बाबा एक, असं म्हणावं लागलं. दुसऱ्या दिवसापासून टिकाराम त्याला शालिकभाऊ म्हणायला लागला.

पुढचे तीन महिने काही गंमत नव्हती. मागचा ब्रेक उजव्या पायाचा, तो टिकारामनं तार ओढून डाव्या हाताकडं आणला, क्लचच्या खाली दुसरा दांडा बसवून. गाडी शिकवली कोणी? कोणीच नाही. शालिकनं आयुष्यात सायकलही चालवली नव्हती. सकाळी सहाला वैनगंगेकडच्या रस्त्यावर जायचा आणि पडायचा. डाव्या अंगाला पडला तर पाय टेकवून सावरायचा. उजव्या अंगाला गेला की गेलाच. मग त्यानं ठरवलं की गाडी थांबवताना नेहमी ती डावीकडं झुकवूनच थांबवायची. काली पुतली चौकात एकदा भर गर्दीत उजवीकडं आडवा झाला. चार लोक उचलायला धावले. हा खालूनच ओरडला, गाडी उचला आधी, पेट्रोल सांडून राह्यलं! परवान्याच्या परीक्षेत तिथल्या साहेबानं आधी मान हलवली, मग आठाचा आकडा काढायला लावला, विश्वास बसेना म्हणून पुन्हा काढायला लावला, आणि मग मुकाट सही केली.

पुढं अकरा वर्षं त्यानं त्या गाडीवर काय काय केलं, ते आत्ताच सांगून टाकतो, कारण पहिला दिवस मला शेवटी ठेवायचा आहे. जिल्ह्यातलं एक गाव त्यानं सोडलं नाही. नव्या पोरांनी चार स्ट्रोकच्या बिनधुराच्या गाड्या आणल्या, मायलेज सांगायला लागले, तर हा म्हणायचा, तुमच्या गाडीले आवाज नाही, ती चालू हाय का बंद ते तुमाले तरी कसं समजते? पेट्रोलमधलं ऑइल तो स्वतः मोजायचा, पंपावरच्या पोऱ्याला हात लावू द्यायचा नाही. इंजिनाच्या आवाजावरून सांगायचा की आज ऑइल दोन थेंब जास्त झालं. धूर निघाला की आमची प्रेमलता पदर नाकाला लावायची आणि तो म्हणायचा, वहिनी, हा धूर नोय, उदबत्ती हाय. लग्न झालं त्याचं; मंजू नावाची मुलगी, आमच्याच नात्यागोत्यातून मी सुचवलेली. वरातीत बँडवाल्याच्या मागं न जाता नवरीला मागं बसवून स्वतः गाडी चालवत मांडवातून निघाला. मंजूचे मामा नाराज झाले. मंजू झाली नाही. घराचे हप्ते फिटले, दोन पोरं झाली, पोरं टाकीवर बसून शाळेत गेली. पण गाडीची किक त्यानं पोरांनाही लवकर दिली नाही. पाय पूर्ण वाढू दे म्हणायचा.

आणि लोक त्याला लंगडा म्हणायचे ते कधी थांबलं, कोणाच्या लक्षात आलं नाही. गावोगाव तो येझदीवाला झाला होता.

तर पहिला दिवस. मार्च अठ्ठ्याण्णव, सोमवार, साडेदहा. मी मस्टर उघडून बसलेलो आणि फाटकातून आवाज आला. पूर्ण कचेरी व्हरांड्यात. जुलैत फिसकन हसलेले बाबू सगळ्यात पुढं. शालिक आवारातून आला, गाडी डावीकडं झुकवली, पाय टेकला, बंद केली. मग खिशातून माझ्या अक्षरातली ती नक्कल काढून, घडी उलगडून माझ्या टेबलावर ठेवली. आवक नंबरासकट.

विचार केला जाईल, असं लिहिलं होतं मी. सरकारी भाषेत याचा अर्थ काय, तो काय मला माहीत नाही? म्हटलं असतं, विचार केला, पुढच्या वर्षी बघू. जिभेच्या टोकाशी आलंही, कारण मला भीती वाटून राहिली होती. पण मग भुशात बसलेले शेठ आठवले. मी यादी ओढली, एक नाव खोडलं, त्याचं लिहिलं, आणि हट्ट्याची नोटीस हातात दिली, जुन्या पायऱ्यांच्या बावलीचं, म्हणजे विहिरीचं, ते गाव. फक्त एकच. म्हटलं, दुपारच्या जेवणापर्यंत परत ये.

जेवणाची सुट्टी झाली, तो आला नाही. दोन वाजले. तीन वाजले. मी फाटकापर्यंत चार चकरा मारल्या आणि प्रत्येक चकरेला कोणावर तरी ओरडलो. चपराश्यावर ओरडलो, चहावाल्यावर ओरडलो. मनात चित्र एकच, कुठल्या तरी नाल्यात उजव्या अंगाला पडलेला, आणि गाडी अंगावर. माझ्या सहीनं गेलेला. चार वाजता मी टिकारामला निरोप धाडायला निघालो, तेवढ्यात लांबून तो डुग-डुग ऐकू आला.

आला तो डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं माखलेला. पँट मागून पूर्ण ओली, चिखलाची, जणू पायऱ्यांवरून बसून घसरलाय. मी सुरू झालो. कुठं मेला होतास, घड्याळ कळतं का, एक नोटीस द्यायला सहा तास लागतात का. तो ऐकत राहिला, दात काढत राहिला, आणि माझं संपल्यावर नोटिशीचा कागद पुढं केला.

नोटीस पोचवल्याचा, म्हणजे तामीलीचा, अहवाल तिच्या पाठीवर हिंदीत लिहायचा असतो. त्याचा मजकूर ठरलेला. मैं स्वयं ग्राम अमुक गया, अमुक को नोटिस दिया, हस्ताक्षर लिए. चोवीस वर्षं मी रोज असे वीस-पंचवीस कागद हाताखालून घालवत होतो. वाचतो कोण? शिक्का मारायचा आणि पुढचा घ्यायचा. त्या दिवशी मात्र वाचलं. त्याचं अक्षर मोठं, दाबून काढलेलं, कागदाच्या दुसऱ्या अंगाला उमटलेलं.

मैं स्वयं ग्राम हट्टा गया.

मी ते पुन्हा वाचलं. 'स्वयं'वर बोट ठेवून तिसऱ्यांदा वाचलं. पुढं नोटीस दिल्याचं होतं, सही घेतल्याचं होतं, तारीख, वेळ, सगळं नियमाप्रमाणं. वेळ होती सकाळची सव्वाअकरा. आणि त्याच्या सहीच्या खाली, जिथं काहीच लिहायचं नसतं तिथं, आणखी एक ओळ होती.

तामील के बाद बावली देखी. पानी तक उतरा.

मी वर बघितलं. त्यानं ओल्या पँटीकडं बोट दाखवलं आणि म्हणाला, "बसत बसत उतरलो, बडे बाबू. येक येक पायरी."

अहवालात गैरसरकारी मजकूर आला तर तो खोडून बाजूला बडे बाबूनं सही करायची, असा नियम आहे, आणि नियमाच्या बाबतीत मी किती कडक, ते कचेरीत कोणालाही विचारा. मी पेन उघडलं. शालिक जरा घाबरून बघायला लागला. मी ती ओळ तशीच राहू दिली, तिच्या खाली माझी पूर्ण सही केली, आणि वर गोल शिक्का मारला.